रविवारचा वर्ग सक्तीचा नव्हता

लालबाग, मुंबई
१० एप्रिल १९६०

आदरणीय सुभद्राबाईंना अंबिका घाडीचा नमस्कार.

माझं नाव वाचून तुम्ही पत्र बाजूला ठेवलं नसेल असं धरून पुढे लिहिते. तुमचा बडोद्याचा पत्ता शाळेतल्या कारकुनांकडून घेतला. त्यांनी विचारलं, "कशाला हवाय?" मी म्हटलं, आभाराचं पत्र लिहायचं आहे. ते अगदीच खोटं नाही.

गेल्या आठवड्यात माझे बी.ए.चे पेपर संपले. दुसऱ्याच दिवशी शाळेतून बोलावणं आलं. नव्या मुख्याध्यापिका लीलाबाई यांना तुमचा रविवारचा वर्ग पुन्हा सुरू करायचा आहे. तोच वर्ग, अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या मुलींना कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं तर्कशास्त्र आणि बीजगणित, इंग्रजीतून, दुपारी दोन तास. शाळेच्या समितीचे अध्यक्ष अजून नानाच आहेत आणि ते ऐकायला तयार नाहीत. लीलाबाई म्हणाल्या, "त्या वर्गातल्या एखाद्या मुलीनं फायदे लिहून दिले तर मला समितीपुढे ठेवता येतील. तूच लिही. गिरणी कामगाराच्या घरातली मुलगी, घरात पहिली शिकलेली, आणि आज बी.ए.ला बसलेली. तुझ्याहून चांगलं उदाहरण कुठलं?"

मी हो म्हणून आले. पाच दिवस झाले, एक ओळ लिहून होत नाही. तुम्ही वर्गात म्हणायचात, आधी मुद्दे मांडा, मग वाक्यं. मुद्दे मांडले तर ते भराभर येतात, आणि मग माझाच हात थांबतो. टिपण झालं की तुम्हाला पाठवू का? तुम्ही तपासून द्याल का?

वडील बरे आहेत. हाताचं आहे तसंच आहे.

तुमची विद्यार्थिनी,
अंबिका


२४ एप्रिल १९६०

बाई, नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षा ठेवायला मला तोंड नाही. तरी टिपणात काय लिहिलंय ते कळवते, कारण ते तुमचंच आहे.

पहिला मुद्दा भाषेचा. आपल्या शाळेत सगळं मराठीतून. कॉलेजात पाऊल टाकलं की सगळं इंग्रजी. पहिल्या वर्षी माझ्या बाकावर दादरची एक मुलगी होती, शाळेत पहिल्या तिनांत आलेली. जूनभर ती मान खाली घालून प्रोफेसरांचं ऐकायची आणि वहीत फक्त तारीख लिहायची. दिवाळीनंतर ती आलीच नाही. माझ्याही डोक्यावरून पुष्कळ गेलं, पण मी घाबरले नाही, कारण डोक्यावरून जाण्याची मला सवय होती. तुमच्या पहिल्या रविवारी मला एक शब्द कळला नव्हता. तुम्ही म्हणाला होता, "आज कळलं नाही ना? छान. आता शाळेत आहेस तोवर न कळून घे. इथं न कळण्याला मार्क नाहीत." तेवढं एक वाक्य माझ्या चार वर्षांना पुरलं.

दुसरा मुद्दा, कॉलेजच्या पहिल्या सहामाहीत मला तर्कशास्त्रात वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले, त्यावरून नादारी मिळाली, फी माफ झाली. ती नसती तर वडिलांनी मला दुसऱ्या वर्षाला पाठवलं नसतं. त्यांच्या मनात नव्हतं असं नाही, पण तेव्हा त्यांना गिरणीत साच्यावरून, म्हणजे मागावरच्या कामावरून, काढलं होतं.

तिसरा मुद्दा बेबीचा. फणसवाडीतली बेबी विजयकर, तुमच्या उजव्या हाताला बसायची. तिला त्या वर्गात कळलं की ही पुस्तकी डोकेफोड आपल्याला जमणार नाही. ती सरळ नर्सिंगला गेली आणि आता मोठ्या वॉर्डात काम करते. नाहीतर वर्ष वाया घालवून तिला हेच कळलं असतं. जो वर्ग 'हे तुझं नाही' असंही वेळेवर सांगतो, त्याचा फायदा दुप्पट, असं मी लिहिलंय.

लीलाबाईंनी वाचलं. खूश झाल्या. म्हणाल्या, "झकास. आणि वर्ग मंजूर झाला तर तो तूच घ्यायचास. रिझल्ट लागला की अर्ज दे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "फक्त नानांची ती एक अडचण आहे. ते म्हणतात, 'ज्या वर्गापायी एका गिरणीवाल्याचा हात गेला तो वर्ग मला पुन्हा नको. त्या बाईंनी भर दंगलीत वर्ग सक्तीचा ठेवला होता.' तू त्या गिरणीवाल्याचीच मुलगी. तूच लिहून दे की झालं गेलं, आता वडिलांची तक्रार नाही. मग प्रश्नच मिटला."

मी म्हटलं, बघते.

बाई, मी "बघते" म्हटलं.


२ मे १९६०

बाई,

हे पत्र फाडायच्या आत पोस्टात टाकणार आहे.

काल महाराष्ट्र राज्य झालं. आमच्या चाळीच्या चौकात संध्याकाळी सभा होती. पताका, पेढे, बँड. चाळीतली जी माणसं सत्याग्रहात गेली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात बसली, त्यांना बोलावून हार घातले. शेवटी नाव पुकारलं, "गुणाजी घाडी!"

वडील उठेनात. वडील शाळेचं कारण सांगत आले, तरी चाळीनं त्यांची बोटं चळवळीच्याच खात्यावर मांडली. चौपाटीची सभा उधळली तो दिवस, गिरगाव, एवढं लोकांना पुरलं. दोघांनी त्यांना धरून पुढे नेलं. हार गळ्यात पडला. त्यांनी तो डाव्या हातानं काढला आणि म्हणाले, "ह्यो हार माका नको. मी चळवळीतलो नाय. मी चेडवाक, माझ्या अंबीक, शाळेत घेवन गेल्लंय. तिच्या बाईन सुटी देवक नाय, म्हणान ह्या झाला."

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "गुणाजी, लाजतंस काय रे नव्या नवऱ्यासारखो!" हार परत गळ्यात. वडिलांनी परत काढला. "खोट्याचो हार मी घेवचंय नाय," म्हणाले, आणि खाली येऊन बसले.

मी आईच्या मागे उभी होते. एका हारासाठीसुद्धा ज्या माणसाला खोटं चालत नाही, त्यानं माझं खोटं शंभर माणसांपुढे खरं म्हणून सांगितलं. आणि तुमचं नाव घेऊन सांगितलं.

आता क्रमानं लिहिते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मी ते कधी लिहिलेलं नाही, आणि न लिहिलेलं माझ्या डोक्यात दर वेळी थोडं माझ्या सोयीचं होतं.

अकरावीच्या जूनमध्ये तुम्ही वर्ग जाहीर केलात तेव्हा म्हणाला होता, ज्यांना हवं त्यांनी या. घरी जाऊन मी सांगितलं, सक्तीचा आहे. नाहीतर रविवारी लालबागहून गिरगावात कोण पाठवणार? वडिलांनी विचारलं, "सक्तीचो म्हणजे? खाडो चालाचो नाय?" मी म्हटलं, नाही चालणार. आणि त्यांना नीट पटावं म्हणून त्यांच्याच गिरणीतलं उदाहरण दिलं. कायम कामगारानं खाडा केला की त्याच्या साच्यावर बदली कामगार चढतो, तसंच, एक रविवार चुकला की माझी जागा दुसऱ्या मुलीला. वडील गंभीर झाले. म्हणाले, "मग खाडो करू नको. बदली एकदा साच्यावर चढलो की उतरना नाय."

तेव्हापासून दर रविवारी ते मला ट्रामनं आणायचे आणि वर्ग सुटेपर्यंत शाळेच्या पायरीवर बसायचे. आठवड्यातली त्यांची एकच सुट्टी. तुम्ही त्यांना आत बाकावर बसायला सांगितलंत तर म्हणाले, "नको, माका झोप येयत आणि तुमची पोरां हसतली."

शुक्रवार, १८ नोव्हेंबर १९५५ला तुम्ही सांगितलंत, परवा चौपाटीवर सभा आहे, गर्दी होईल, वर्ग नाही, कुणी घराबाहेर पडू नका. मी ऐकलं. बाराही जणींनी ऐकलं.

पण तर्कशास्त्राचं पुस्तक आपल्यात एकच होतं, आणि प्रत्येकीला ते तीन दिवस मिळायचं, उतरून घ्यायला. माझी पाळी सोमवारी सकाळी सुरू व्हायची होती. बेबीची रविवारी संपत होती. बेबी म्हणाली होती, "रविवारी माझ्याकडे ये, माझं उतरून झालंय, तुला एक दिवस जास्त मिळेल." एक दिवस जास्त. बाई, एवढंच.

रविवारी दुपारी चाळीतले सगळे वडिलांना म्हणत होते, "गुणाजी, आज गिरगावात जाव नको." शेजारचे दौलतकाका तर दारात आडवे उभे राहिले. वडिलांनी कोट चढवला. म्हणाले, "तुमका सांगूक काय जाता? खाडो पडलो तर चेडवाची जागा गेली." मी तिथंच उभी होते. तीन शब्द बोलायचे होते, आज वर्ग नाही. मी चपला घातल्या.

ट्राममध्ये त्यांना सांगितलं की गर्दीमुळे आजचा वर्ग बेबीच्या घरी आहे.

बेबीच्या आई रमाबाई दोनदा खाली येऊन त्यांना वर बोलावून गेल्या. "अहो घाडी, चहा तरी घ्या." ते म्हणाले, "हयच बरा आसा. वारो येता." ते वाडीच्या तोंडाशी एका दुकानाच्या फळीवर बसले.

साडेपाचच्या सुमारास आवाज यायला लागला. आधी लांबून, मग जवळून, धावणाऱ्या पायांचा. डोळे चुरचुरायला लागले. रमाबाईंनी खिडक्या लावल्या. बेबी उठून उभी राहिली. म्हणाली, "अंबू, तुझे वडील खाली आहेत."

मी म्हटलं, "हो. एवढं पान."

हेत्वाभासाचा धडा होता, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चुकीच्या युक्तिवादांचा. अर्ध पान राहिलं होतं. मी ते पूर्ण केलं. मग खाली गेले.

माणसं वाडीत घुसत होती, दुकानदार घाईनं दारं ओढत होते. रेट्यात वडील त्या दुकानावर ढकलले गेले, हात चौकटीत, आणि लोखंडी पट्टीचं दार त्यावर आलं. मी पोचले तेव्हा ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. हात टोपीत गुंडाळलेला. टोपी काळी होती म्हणून रक्त दिसत नव्हतं. मला बघून म्हणाले, "लिवन झाला मां तुझा?"

दुसऱ्या दिवशी हरताळ, गोळीबार, इस्पितळात जखमींची रीघ. त्यांच्या बोटांकडे बघायला बुधवार उजाडला. दोन बोटं कायमची ताठ राहिली. साच्यावर तुटलेला धागा त्याच दोन बोटांनी गाठ मारून जोडतात. चार महिन्यांत त्यांना साच्यावरून काढून कापडाचे गठ्ठे ओढायला लावलं. अजून तेच करतात.

पुढचं तुम्ही पाहिलंय. ते शाळेत आले, भांडायला नाही, विचारायला. नाना बसलेले, तुम्ही उभ्या, मी दारात. वडील म्हणाले, "बाई, माका एकच इचारूचा आसा. अशा दिवशी पोरींका सुटी देवची नाय?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी जमिनीकडे पाहिलं. नाना म्हणाले, "वर्ग सक्तीचा होता? कुणी ठरवलं? समितीनं?" तुम्ही म्हणालात, "मी. चूक माझी झाली, गुणाजीराव. सुट्टी द्यायला हवी होती."

तेव्हा मला वाटलं, तुम्ही असं का बोललात? आता कळतं. मी खोटं बोलले हे कळलं असतं तर वडिलांनी मला त्याच दिवशी शाळेतून काढलं असतं, परीक्षा चार महिन्यांवर असताना. तुम्ही ते त्या एका नजरेत ओळखलंत. आणि मी तुम्हाला ओळखू दिलं.

डिसेंबरात तुम्ही राजीनामा दिलात. कारकून म्हणाले, बडोद्यात तुम्हाला चौथीचा वर्ग दिलाय. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना चौथी.

मी तुमची क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, आणि मग मला झोप लागेल.


१५ मे १९६०

बाई, तुमचं कार्ड मिळालं.

मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. "टिपण वाचले. भाषेचा मुद्दा चांगला, त्यावर आणखी लिही. वर्ग सुरू होणे महत्त्वाचे. मागचे उकरू नकोस. तू शिकलीस, मला पुरे आहे. वडिलांच्या हाताला कोमट तेल चालू ठेवा."

कार्ड घेऊन मी फणसवाडीत बेबीकडे गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. तिनं दार उघडलं, नर्सचे पांढरे कपडे, कामावरून नुकतीच आलेली. म्हणाली, "काय गं विदुषी, वाट चुकलीस?"

मी तिला कार्ड दिलं. तिनं वाचलं आणि परत दिलं.

"मग? मिळालं की सर्टिफिकेट. खूश?"

मी म्हटलं, "तू माझ्याशी बोलणं टाकलंस, ते बरोबरच होतं. मी खोटं बोलले."

"खोटं?" ती हसली. "खोटं मी रोज बोलते. आईला विचार. पेशंटला तर येता-जाता. त्याचा नाही मला राग. बाई तुझ्यासाठी घर सोडून गेल्या. इथं, दोन गल्ल्या पलीकडे राहत होत्या त्या महिनाभर, एकट्या सामान बांधत. मी रोज जात होते. तू एकदा आलीस? चार वर्षांत एक कार्ड टाकलंस? नादारी मिळाली तेव्हा? इंटरला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा?"

आतून रमाबाई म्हणाल्या, "बेबी, दारात उभी करून काय झाडतेस तिला? आत तरी घे."

"आत घेऊन झाडते," बेबी म्हणाली.

तिनं चहा केला. कप पुढे ठेवत म्हणाली, "वडिलांना सांगितलंस?"

"बाई म्हणतात उकरू नको."

"बाई म्हणणारच. मी विचारतेय, तू सांगितलंस?"

बाई, परत येताना मी तुमच्या कार्डावर विचार केला, तुम्ही शिकवलात तसा, एकेक विधान वेगळं काढून. 'तू शिकलीस, मला पुरे आहे.' हे तुमच्यापुरतं खरं असेल. पण त्यावरून सगळ्यांना पुरे आहे असं निघत नाही. वडिलांना कुणी विचारलेलंच नाही. चार वर्षं ते रागावले ते चुकीच्या माणसावर. त्यांचा राग माझा आहे, आणि तो तुमच्या पत्त्यावर जातोय.

आणि लीलाबाई म्हणतात तो वर्ग मी घेतला, तर मी कोण ठरते? तुम्ही साच्यावरून उतरलात आणि मी चढले. तुम्हाला उतरवलं मीच.

तुमचं ऐकत नाही. पहिल्यांदाच.


५ जून १९६०

बाई,

सांगितलं.

मागच्या रविवारी सकाळी. वडील खिडकीपाशी दाढी करत होते, डाव्या हातानं, आई तांदूळ निवडत होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, त्या दिवशी वर्ग नव्हताच. बाईंनी सुट्टी दिली होती. तो वर्ग सक्तीचाही कधी नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

आईचा हात सुपात थांबला. वडिलांनी वस्तरा पुसला.

"बाईंका म्हायत होता?"

"हो."

"आणि त्या माझ्यासमोर म्हणाल्या चूक आपली."

"हो."

"आणि तू थयच होतंस."

"हो."

त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून सदरा घातला आणि बाहेर गेले. आई एवढंच म्हणाली, "मेले, तेव्हा नाय तर मागीर तरी सांगूचा." चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले की पाठ माझ्याकडे. गुरुवारी संध्याकाळी पाठमोरेच म्हणाले, "ती समितीची सभा कधी आसा?"

काल होती. मी टिपणात सगळे फायदे ठेवले, एक शब्द कमी केला नाही, कारण ते खरे आहेत. शेवटी ते दुसरं, माझं खोटं, लिहिलं. लीलाबाईंना आधी दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "हे वगळलंस तरी चालेल, अंबिका. नीट विचार कर. तुझी नोकरी आहे यात." मी म्हटलं, वगळून चार वर्षं झाली.

वडील माझ्याबरोबर आले होते. कामाचा दिवस, खाडा करून. त्यांनी आयुष्यात केलेले खाडे मी बोटांवर मोजू शकते.

लीलाबाईंनी वाचून दाखवलं. नाना माझ्याकडे बघत राहिले, मग वडिलांकडे.

"म्हणजे आम्ही चार वर्षं एका पोरीच्या थापेवर चाललो?" ते म्हणाले. "घाडी, तुम्ही इथं येऊन आम्हाला काय सांगितलं होतं? आणि आता ही काय सांगते? आम्ही कुणाचं खरं धरायचं?"

वडील म्हणाले, "तिचा धरा. माझा चुकला. पण सायेब, एक सांगू? बारा पोरी होत्यो वर्गात. एकीक जरी तुमी इचारल्यात आसतात, तर त्याच दिवशी कळला आसता."

समितीतले एक गृहस्थ खाकरले. बारा मुलींना बोलावून विचारावं हे तेव्हा तिथं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. माझं त्यावरच निभावलं होतं.

वर्ग मंजूर झाला. जुलैपासून. लीलाबाई स्वतः घेणार आहेत. पालकांना छापील चिठ्ठी जाणार, वर्ग ऐच्छिक आहे, आणि ती मुलीनं नाही, शाळेनं पोस्टानं पाठवायची. समितीकडून तुम्हाला दिलगिरीचं पत्र येईल. ते कोरडं असेल. नानांनी मजकूर सांगितला तेव्हा मी तिथंच होते.

मला मात्र लीलाबाई जाताना म्हणाल्या, "आत्ता तुला घेणं मला जमणार नाही. रागावू नकोस." कशाला रागावू? चिंचपोकळीच्या एका प्राथमिक शाळेत अर्ज देणार आहे. पहिलीचा वर्ग.

वडील वाटभर दोन पावलं पुढे चालले. ट्रामचं तिकीट मात्र दोघांचं काढलं.


१२ जून १९६०

बाई,

हे पत्र माझं नाही. आज सकाळी वडिलांनी मला कागद आणायला सांगितला. म्हणाले, "लिही. मी बोलतंय तसाच लिही. शाळेतला करू नको, आणि मधला काय गाळू नको." दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा मी एक वाक्य सौम्य केलं होतं, ते त्यांना बरोबर कळलं. पुन्हा लिहायला लावलं.

अंबिका

बाईंका गुणाजी घाडीचो रामराम.

मी बोलतंय, अंबी लिवता. चेडू खोटा बोलला. बापाक फसवल्यान आणि तुमका बुडवल्यान. ह्या तिच्याच हातान लिवन घेतलंय, म्हणजे तिका समाजतला.

माझ्या बोटांचा तुमी मनात ठेवू नका. बोटां तिच्या खोट्यान गेली नाय, दारान गेली. मी घराक ऱ्हवलंय आसतंय तर वाचली आसती, ता खरा. पण मी आपल्या पायान गेल्लंय, सगळे नको म्हणी होते तरी. खाडो पडात ह्या भीतीन. ती भीती माझी होती, तिना फक्त वापरल्यान.

तिका माफ केलंय काय ता माका इचारू नका. तुमी केलात, तुमी मोठ्या. माझा अजून होना नाय. पण तिका शिकवलात ता बरा केलात. ता मी तेव्हाय म्हणी होतंय, रागात सुद्धा.

आता माझा काम. चार वर्सां मी तुमचा नाव वायट घेतलंय. चाळीत, गिरणीत, गावाक. पन्नास तरी माणसांका सांगलंय, की बाईन सुटी देवक नाय. आता एकेकाक गाठून उलटा सांगतंय. चाळीत सगळ्यांका सांगान झाला. काय जण हसले, काय जण म्हणाले, गुणाजी, आता कित्याक? साचेखात्यात सांगलंय. गावाक गणपतीत जातलंय, तेव्हा थयल्यांका सांगतलंय.

एक शेजारचो दौलत ऱ्हवलो. त्या दिवशी दारात आडवो उभो ऱ्हवलेलो तो. माझो हात बघून सगळ्यांत जास्त शिव्या तुमका त्येनाच दिल्यान. तो गेल्या चैतात वारलो. त्येका सांगूक माका गावलो नाय. त्येच्या मनात तुमी वायटच ऱ्हवलात. त्या एका माणसापुरती माका माफी करा.

गुणाजी घाडी